सातवी म्हैस

दसरा होऊन गेला की मला भीती वाटायला लागते. सकाळी गॅलरीत उभी राहिले की कापलेल्या भाताचा तो ओलसर, जरासा आंबूस वास शहराच्या कडेपर्यंत आलेला असतो. उन्हात चटका बसतो, सावलीत गार लागतं. आणि मी हातातला चहा तसाच ठेवून देते. घरच्यांना वाटतं, दिवाळीची कामं अंगावर आली म्हणून. मी त्यांना तसं वाटू देते. खरं म्हणजे दिवाळीच्या कामांची भीती मला कधीच वाटली नाही. त्यांची यादी असते.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रीजच्या दारावर एक यादी, पर्समध्ये एक, ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली एक. फराळाचे डबे कुणाकडे कुठले गेले आणि त्यातले कुठले परत यायचेत, याचीसुद्धा. काम झालं की समोर बरोबरची खूण करायची. ती करताना जितकं बरं वाटायचं तितकं मला देवळातून बाहेर पडतानाही वाटलेलं नाही. एका दूध संघाच्या संगणक विभागात वीसेक वर्षं काढली, ती याच स्वभावावर. तक्रार आली, लिहून घेतली, सोडवली, खूण केली. "ताईंकडं दिलंय न्हवं? मग झालं समजा," असं लोक म्हणायचे आणि मी मान वर न करता मनातल्या मनात सुखावायचे. अजूनही म्हणतात. आता तेव्हा माझा हात थांबतो.

या दिवसांना आमच्या धंद्यात पुष्टकाळ म्हणतात. म्हशी वितात, हिरवी वैरण मुबलक असते, दूध चढत जातं. संघाच्या आवारात सकाळपासून टँकरची रांग, सांडलेल्या दुधावर मारलेल्या पाण्याचा वास, कॅनच्या झाकणांचा खणखणाट. जनावरांच्या डॉक्टरांचे फोनही याच दिवसांत वाढतात. वार पडत नाही, कास सुजली, म्हैस चारा खात नाही. प्रत्येक फोनची नोंद होते आणि ती शेवटी आमच्या प्रणालीत येऊन पडते. पूर्वी मला तो आकडा चढताना बघायला आवडायचं. आता मी त्यातली एकेक ओळ वाचते. काही कारण नसताना.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. संगणकातल्या नोंदीत माणूस नसतो. त्याचं नाव, त्याची आळी, त्याचा फोन हे सगळं दुसरीकडे ठेवलेलं असतं. नोंदीत असतो तो फक्त एक नंबर. तो एवढंच सांगतो, की या दारावर जा, आत जो असेल तो हा. दार उघडलं आणि आत कुणीच नसलं, तर संगणक ओरडतो. लाल अक्षरं येतात, काम थांबतं, कुणीतरी फोन उचलून माझ्यावर डाफरतं. सगळे त्या लाल अक्षरांना घाबरतात. मीसुद्धा पहिली कितीतरी वर्षं त्यांनाच घाबरत आले.

कोडोलीच्या पुढे एक गाव आहे. नाव घेत नाही. तिथल्या दूध संस्थेत सभासदाच्या नंबराला मान आहे. सकाळी दूध घालायची रांग नंबरानं लागते. एक नंबरचा माणूस पहिला, शेवटच्या नंबरचा शेवटी. कुणी सभासद वारला आणि मागे दूध घालणारं कुणी उरलं नाही, तर बाकीच्या गावांत तो नंबर तसाच रिकामा पडून राहतो. या गावात तसं चालत नाही. रांगेत मेलेल्या माणसाची जागा मोकळी ठेवणं त्यांना अशुभ वाटतं. दिवाळीच्या पाडव्याला, म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून मिरवून आणल्या की संस्थेच्या कट्ट्यावर रजिस्टर उघडतात आणि त्या नंबरामागचे सगळे एकेकानं पुढे सरकतात. त्याला ते 'सरकवणी' म्हणतात. गूळ वाटतात. नवीन सभासद खूश असतात, कारण दरवर्षी एखाद-दोन पावलं तरी रांग पुढे जाते.

आमच्याकडे ते नवीन रजिस्टर पाडव्यानंतर लगेच येतं आणि आपोआप प्रणालीत चढतं. डॉक्टरांच्या नोंदी मी सभासद नंबरालाच बांधल्या होत्या. लोक फोनवर नंबरच सांगतात, मग तोच धरावा, इतका साधा विचार होता. दारावरचा नंबर बदलू शकतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायच्या गोष्टींच्या यादीत ते नव्हतं.

गेल्या वर्षी पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधी त्या गावात ओढ्यावरून परतणाऱ्या म्हशींच्या कळपात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. सात म्हशींना चावलं. आमच्या डॉक्टर वैशाली त्याच दिवशी गेल्या. चावलेल्या जनावराला पाच वेळा लस द्यावी लागते. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या. तीन वेळा वैशालीनं स्वतः दिली. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पुढचं काम बदली डॉक्टरांकडे आलं. त्यांना गाव माहीत नव्हतं, घरं माहीत नव्हती. त्यांच्या हातात आमची यादी.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं. टेबलावर प्रत्येकाचा फराळ, चिवड्याच्या कागदाला तेलाचे डाग. पहिलाच फोन लसीच्या विभागातून. "ताई, यादी निघंना. लाल अक्षरं आल्यात. गाडी भाईर हुबी हाय."

मी उघडून पाहिलं. 'सभासद सापडत नाही. क्रमांक एकशे त्रेसष्ट.' एका नंबरापायी सगळ्या तालुक्याची यादी अडली होती. रजिस्टर नवीन चढलंय, एखादा नंबर रद्द झाला असेल, असं मी मनात ठरवून टाकलं. ठरवायला किती वेळ लागला, ते आठवून बघते तर चकली मोडून तोंडात टाकण्याएवढा. मी एक ओळ लिहिली. सभासद सापडला नाही, तर त्याला सोडून पुढे जा. यादी निघाली. गाडी गेली. काचेखालच्या कागदावर मी खूण केली. त्या दिवसाची ती पहिली खूण होती, आणि लवकर झाली म्हणून मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं. ते विसरता आलं असतं तर चाललं असतं.

एकशे त्रेसष्ट नंबर शालनताईंचा होता. संस्थेतल्या सगळ्यात नव्या सभासद. नवरा मालट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. एकच म्हैस, तीही माहेरहून आलेली. त्या वर्षी वरच्या आळीचे एक म्हातारे नाना गेले होते, त्यामुळे पाडव्याला शालनताई एकशे बासष्ट झाल्या होत्या. एकशे त्रेसष्टच्या दाराआड कुणीच उरलं नव्हतं. बाकीच्या सहा म्हशी जुन्या घरांच्या होत्या, नानांच्या आधीच्या नंबरांच्या. त्यांची दारं जिथल्या तिथे होती. संगणक ओरडला तो फक्त शालनताईंसाठी.

त्यांनी विचारलंही होतं. हे मला नंतर कळलं. संस्थेचे सचिव सर्जेरावअण्णा यांना त्यांनी कट्ट्यावर गाठून म्हटलं होतं, "अण्णा, माझ्या म्हशीला सुई टोचायला कोन आलंच न्हाय ओ."

"यादीत नाव न्हाय वैनी. म्हंजे तुजा कोर्स झाला. कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय व्हय?"

मार्गशीर्ष लागला. सकाळी पंचगंगेवर धुकं, गुऱ्हाळांचा गोड धूर. मी त्या दिवसांत काय करत होते ते माझ्या डायरीत आहे. स्वेटर उन्हात घातले. गॅसची नळी बदलली. मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. प्रत्येकापुढे खूण. त्याच दिवसांत त्या गावात एक म्हैस चारा सोडून उभी होती आणि तिच्या तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या.

एका सकाळी वैशालीचा फोन आला. बाळ रडत होतं मागे. "ताई, त्या गावात एक म्हैस मेलीय म्हणे, परवा. आमचा ड्रायव्हर सांगत होता. मी यादी मागवून बघितली, त्यातल्या सगळ्या म्हशी धडधाकट आहेत."

"मग बरंय की."

"पण यादीत सहा आहेत. मी सात टोचल्या होत्या. माझ्या वहीत सात आहेत."

मी पडद्यावर मूळ नोंदी उघडल्या. सात. यादी उघडली. सहा. पुन्हा मोजल्या, बोट ठेवून, लहान मुलासारख्या. कोड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तरी उघडला. ती ओळ तिथेच होती, शेजारी माझी आद्याक्षरं. बाजूला कुणीतरी चहा ठेवून गेलं, त्यावर साय धरलेली मी नंतर पाहिली.

सर्जेरावअण्णांना फोन लावला. "एकशे त्रेसष्ट नंबर कोणाचा?"

"एकशे त्रेसष्ट आता न्हाईच की मॅडम. पाडव्याला सरकवलं न्हवं का. नाना गेलं, त्येंच्या मागचं समदं एकेकानं फुडं."

"आधी. सरकवायच्या आधी कोण होतं?"

"शालन वैनी. का ओ?"

"त्यांची म्हैस?"

"ती मेली की परवा. घशात काय तर अडकलं हुतं. लाळ गळायली, हंबरायली घोगरं. वैनीनं पार कोपरापतूर हात घालून बघितलं. काय गावलं न्हाय."

"हात कुणी घातला?"

"सांगितलं न्हवं? शालन वैनीनं."

"हाताला काही लागलं होतं का त्यांच्या?"

पलीकडे अण्णांचा आवाज एकदम हळू झाला. "मॅडम, वैरण कापताना इळा लागलाय तिला. बोटाला चिंधी हाय. मी सोता बघितली."

मी संघाची जीप मागितली आणि स्वतः गेले. मला जायची गरज नव्हती, हे काम माझं नव्हतं. पण खुर्चीवर बसवेना. रस्त्याला दोन्हीकडे ऊस, मध्येच कापून मोकळी झालेली रानं. बैलगाडी पुढे आली की मी मनात मोजायचे. हात घातला रविवारी. आज बुधवार. तीन दिवस. विष नसांमधून वर चढत जातं असं निघताना वैशालीनं फोनवर सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मला ते चढताना दिसत होतं. बोट, मनगट, कोपर.

शालनताई दारात भांडी घासत होत्या. माझ्याच वयाच्या, काटक, कपाळावर घाम. बोटाची चिंधी राखेनं काळी झालेली. त्यांना बोट साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायला लावलं, आणि मी सांगत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा पाहुणचार हळूहळू उतरला.

"कुत्रं चावलं म्हशीला आन् सुया मला व्हय?" त्या हसून म्हणाल्या. मी हसले नाही. मग त्याही थांबल्या. "सांजच्याला परत यायला गावंल न्हवं? शेरडं हायत."

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांना लस दिली, जखमेभोवती वेगळी सुई टोचली. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. माझ्या मनगटाला मात्र त्यांच्या दुसऱ्या हाताची नखं रुतली होती. पुढच्या सगळ्या सुयांना मी बरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, "आता बहुतेक काही होणार नाही." मी घरी येऊन तो शब्द डायरीत लिहिला. बहुतेक. त्याच्यापुढे कुठलीच खूण करता आली नाही.

संघाला अहवाल द्यायचा होता. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे एका सभासदाचे नाव यादीतून वगळले गेले.' वाक्य सगळ्यांना पटलं. कुणी पुढे विचारलं नाही. मी सरकवणीचा बंदोबस्त केला. प्रत्येक सभासदाला आयुष्यभर न बदलणारा एक आतला नंबर दिला. बाहेरचे नंबर आता कितीही सरकोत. यादीत एक जरी कमी पडला तरी काम थांबतं आणि लाल अक्षरं येतात. लोक कुरकुरतात. "ताई, आधी बरं हुतं, झटक्यात निघायचं." मी ऐकून घेते.

मग मी जुनं सगळं खणायला बसले. वीस वर्षांत लिहिलेलं. 'सापडला नाही, तर सोडून पुढे जा' ही ओळ मला एकाच ठिकाणी भेटली नाही. कधी मी लिहिलेली, कधी माझ्याआधीच्या कुणी, जो आता निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असेल. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी घाईत होतं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सोडला गेला असणार. कोण, ते कळायला मार्ग नाही, कारण सोडलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही. काही ओळी काढल्या. काही काढल्यावर दुसरंच काही कोसळलं आणि परत ठेवाव्या लागल्या. संध्याकाळी घरी जाताना रंकाळ्याच्या कठड्यावर भेळ खाणारी माणसं दिसतात, आणि मला वाटतं, यातल्या कुणाला मी कधी सोडून पुढे गेले आहे का?

दवाखान्यात सांगितलं होतं की हा रोग आठवड्यांत येतो, महिन्यांत येतो, क्वचित वर्षानंही येतो. मी महिने धरून बसले. पौष, माघ, शिमगा. काहीतरी निमित्त काढून फोन करायचा. संस्थेचा कागद हवाय, आधारचा नंबर जुळत नाही. शालनताईंना पहिल्या दोन वेळा ते खरं वाटलं असेल. तिसऱ्या वेळेपासून त्या फोन उचलताच म्हणायच्या, "हाय, हाय. मेली न्हाय अजून." मी म्हणायचे, "असं नका बोलू." आणि फोन ठेवल्यावर डायरीत तारीख लिहायचे. एकदा त्या म्हणाल्या, ताप आलाय. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. साधा ताप होता. मी नेलेली बिस्किटं आम्ही दोघींनी खाल्ली. चहा मीच केला.

आता दसरा होऊन गेला. वर्ष भरत आलं. वैशाली म्हणते, "ताई, संपलं ते. सोडा आता." सोडा हा शब्द तिनं सहज वापरला.

परवा गेले होते. शालनताईंनी म्हैस घेतलेली नाही. गोठ्यात शेरडं बांधतात. कट्ट्यावरून येताना सर्जेरावअण्णांनी गाठलं, म्हणाले, यंदा दोन म्हातारी गेल्यात, पाडव्याला दोन-दोन घरं सरकायची. चालंल न्हवं मशीनला? मी म्हटलं, चालेल. पुढे जाऊन शालनताईंच्या सोप्यात बसले. त्यांनी तांब्या-पेला आणला. शेतातून आत्ताच आल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी आधी स्वतः पेला भरला आणि तोंड लावून प्यायल्या. मी बघत होते. घोट उतरेपर्यंत.

"गेलं खाली," पेला ठेवत त्या म्हणाल्या. "बघितलंसा?"

मी नजर तांब्याकडे वळवली.

"दर खेपंला बघता तुमी. मला काय कळत न्हाय व्हय? दवाखान्यात बायका बोलत हुत्या, पाण्याला भ्याला की माणूस गेला म्हणून. मी बी बघती की. सकाळी उठलं की चूळ भरायच्या आदी एक घोट घेती. उतरला की मग दिवसाला हात लावती."

तेव्हा मी सांगितलं. यादी अडली होती, लाल अक्षरं आली होती, नाव मी काढलं. अहवालात लिहिलं तसं नाही. माझ्या हातानं, एका ओळीत.

त्यांनी रिकामा पेला हातात घेऊन फिरवला. "कोन तर काडलंय, ते म्हाईत हुतं. आपसूक कसं जाईल? सर्जेरावअण्णा म्हनलं, मशीननं खाल्लं. मी म्हनलं, मशीनला दात हायत व्हय?" मग वर बघून, "का काडलासा?"

"घाई होती. गाडी उभी होती बाहेर."

"म्हंजे माझ्यापायी अडली हुती."

"हो."

"मग मला हाक मारायची की." आवाज चढला नव्हता. "फोन हाय माझ्याकडं. नंबर लिहिलाय तुमच्यात. एक हाक मारायची, शालन, कुटं हायस म्हणून."

शेरडू ओरडलं, त्या उठल्या नाहीत. त्याच पेल्यात त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरला. पेल्याच्या कडेला त्यांच्या ओठांची ओली खूण होती.

मला सगळं माहीत होतं. सगळ्या सुया झाल्या आहेत, वर्ष होत आलंय, पेल्यानं काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं एकेक वाक्य मला पाठ होतं. तरी माझा हात मांडीवरून उचलला गेला नाही.

"न्हाय पीत कोन," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकवाला बोलवत्यात. वटी भरत्यात. माझ्या हातचं पाणी तेवडं न्हाय घेत. वरीस झालं."

मी पेला घेतला. दोन्ही हातांनी धरला. तोंड लावून प्यायले. पाणी गार होतं, माठाच्या मातीचा वास असलेलं. घोट घशापाशी आला आणि तिथेच थांबल्यासारखा वाटला. मग उतरला. मी मान वर केली तेव्हा शालनताई माझ्या गळ्याकडे बघत होत्या.